मुतखडा, चिमटा आणि दुर्बीण : न कापता खडा काढण्याची दोनशे वर्षे

‘दुर्बीण’ हा शब्द मराठीत आला तो दूरचे जवळ आणणाऱ्या उपकरणासाठी. आकाशातले ग्रह किंवा समुद्रावरचे गलबत तिच्यातून पाहायचे. आज घरोघरी तो निराळ्याच अर्थाने ऐकू येतो. ‘काकांचे प्रोस्टेट दुर्बिणीतून काढले’, ‘मुतखड्याला आता टाका पडत नाही’, ‘परवा ॲडमिट झाले, काल घरी आले’ अशी वाक्ये आपण सहज बोलतो. कमीत कमी छेद घेऊन, किंवा छेद न घेताच, केली जाणारी ही शस्त्रक्रिया गेल्या तीस-चाळीस वर्षांतली करामत आहे, असा आपला समज असतो. कॅमेरे, लेसर, संगणक यांच्याकडे पाहिले की तो खराही वाटतो.

प्रत्यक्षात या शस्त्रक्रियेचा आरंभ दोनशे वर्षांपूर्वी झाला. तेव्हा विजेचा दिवा नव्हता, भूल नव्हती आणि जंतूंविषयी कुणाला काही ठाऊक नव्हते. शरीराच्या नैसर्गिक वाटेने उपकरण आत घालायचे आणि काम करून त्याच वाटेने बाहेर यायचे, ही कल्पना मूत्ररोगांच्या शस्त्रक्रियेत इतर शाखांच्या कितीतरी आधी रुजली. त्याचे कारण म्हणजे मुतखडा, आणि त्यातही मूत्राशयातला खडा. या इतिहासात एक प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा समोर येतो. घाव लहान झाला हे खरे, पण आत काय उरले?

सुश्रुताचा इशारा

मूत्राशयात खडा झालेल्या माणसाचे हाल जुन्या काळी सर्वपरिचित होते. लघवी तुंबायची, थेंबथेंब यायची, रक्त जायचे, आणि लहान मुले वेदनेने लिंग ओढत रडायची. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानाचा सातवा अध्याय याच व्याधीसाठी आहे. आधी औषधे, तूप, काढे यांचा प्रयोग करावा आणि ते निष्फळ ठरले तरच शस्त्राला हात घालावा, असा त्याचा क्रम आहे. शस्त्रक्रियेचे वर्णन अतिशय तपशीलवार आहे. एका बळकट माणसाच्या मांडीवर रोग्याला टेकवायचे आणि त्याचे गुडघे व कोपरे दुमडून बांधायचे. वैद्याने डाव्या हाताची दोन बोटे तेल लावून गुदद्वारातून आत घालायची आणि खडा खाली ढकलून आणायचा. मग मधल्या शिवणीच्या डाव्या बाजूला, एक जव अंतर सोडून, खड्याच्या आकाराएवढा छेद घ्यायचा.

हे काम किती जोखमीचे आहे, याची ग्रंथकाराला पूर्ण जाणीव होती. काही न केल्यास मृत्यू ठरलेला आणि केल्यास फळ संशयास्पद; म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच हे कर्म करावे, असे तो सांगतो. त्याची आणखी एक सूचना आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. खडा काढताना तो फुटू नये, त्याचा चुरा होऊ नये, याची काळजी घ्यावी; कारण थोडासा चुरा जरी मागे राहिला तरी तो पुन्हा वाढतो.

युरोपातही पद्धत फारशी वेगळी नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या सेल्ससच्या लॅटिन ग्रंथात अशीच शस्त्रक्रिया येते. हिपॉक्रेटिसच्या नावे प्रसिद्ध असलेल्या वैद्यकीय शपथेत तर खड्यासाठी छेद घेणार नाही, ते काम त्यातल्या कसबी लोकांवर सोपवीन, असे वचनच आहे. हे कसबी लोक गावोगाव हिंडत. इंग्लंडचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याचा खडा २६ मार्च १६५८ रोजी काढण्यात आला. तो वाचला आणि पुढे दरवर्षी त्या तारखेला मेजवानी देऊन हा आनंद साजरा करण्याचा त्याने संकल्प केला. अठराव्या शतकात लंडनच्या विल्यम चेसल्डेनने बाजूने छेद घेण्याची पद्धत इतकी सफाईदार केली, की त्याचे काम मिनिटाभरात आटोपत असे. भूल नसताना वेग हीच दया होती. तरीही रक्तस्राव, पू होणे आणि ताप यांनी असंख्य रोगी दगावत, आणि वाचलेल्यांपैकी काहींना आयुष्यभर लघवी आवरत नसे.

पॅरिस, १८२४

झ्याँ सिव्हियाल हा १७९२मध्ये जन्मलेला फ्रेंच वैद्य. विद्यार्थिदशेतच त्याच्या मनाने घेतले, की लघवी ज्या वाटेने बाहेर येते त्याच वाटेने खड्यापर्यंत पोहोचता येईल. आरंभी त्याला खडा विरघळवायचा होता. विरघळवण्यासाठी आधी तो धरून ठेवायला हवा, म्हणून त्याने पकड बनवली. आणि खडा एकदा पकडीत आला की तो फोडताच येईल, हे त्याच्या लक्षात आले. त्याचे उपकरण म्हणजे एक सरळ धातूची नळी. तिच्या आतून तीन नख्यांचा पंजा पुढे सरके, मूत्राशयात उघडे आणि खड्याला कवळी. मग पंजाच्या मधून एक सळई पुढे ढकलून ती गिरमिटासारखी फिरवायची आणि खड्याला भोके पाडून त्याचे तुकडे करायचे. तुकडे लघवीवाटे बाहेर पडत.

१३ जानेवारी १८२४ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने नेमलेल्या प्रतिनिधींसमोर सिव्हियालने हा प्रयोग जिवंत रोग्यावर करून दाखवला. रोगी पूर्ण शुद्धीवर होता. आत काय चालले आहे हे सिव्हियालला दिसत नव्हते. धातूवर दगड घासल्याचा आवाज आणि बोटांना जाणवणारा अटकाव, एवढ्याच आधारावर सगळे काम होते. पंजात खडा आला आहे की मूत्राशयाची भिंत, हे हाताने ओळखायचे. तरीही शरीरावर एकही वार न करता खडा फुटला. पुढे पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात सिव्हियालला मूत्ररोग्यांसाठी स्वतंत्र कक्ष मिळाला. मूत्ररोगशास्त्राचा तो जगातला पहिला विभाग मानला जातो.

उपकरणाइतकीच महत्त्वाची होती ती सिव्हियालची दुसरी कामगिरी. आपली पद्धत श्रेष्ठ आहे हे त्याने आकड्यांनी सिद्ध करायला घेतले. युरोपातल्या रुग्णालयांतून त्याने छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियांची माहिती जमवली आणि ती १८३५मध्ये अकादमीपुढे ठेवली. छेद घेतलेल्या पाच हजारांहून अधिक रोग्यांपैकी जवळजवळ पाचात एक दगावला होता. खडा फोडून घेतलेल्या सुमारे तीनशे रोग्यांमध्ये हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास होते.

या आकड्यांवर अहवाल देणाऱ्या समितीत गणितज्ञ प्वासाँ होता आणि नेपोलियनच्या सैन्याचा विख्यात शल्यविशारद लारेही होता. त्यांचा आक्षेप असा, की संख्याशास्त्र माणसाचे माणूसपण बाजूला ठेवून त्याला समूहाचा एक अंश मानते. वैद्यासमोर मात्र प्रत्येक वेळी एकच, वेगळा माणूस असतो. शिवाय दोन गट सारखे नव्हते. फोडण्यासाठी निवडले जात ते बहुधा लहान खड्याचे, धडधाकट, प्रौढ रोगी. मोठा खडा, अरुंद मार्ग, लहान मूल असे सगळे अवघड रोगी सुरीकडे जात. आज कुठल्याही नव्या उपचाराच्या चाचणीत रोग्यांची निवड कशी केली, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो. तो वाद मुतखड्यावरून १८३५मध्येच झडला होता.

उरलेला चुरा

सिव्हियालच्या पद्धतीतली खरी अडचण सुश्रुताने सांगितलेलीच होती. खडा फुटला की चुरा होणार, आणि तो सगळा बाहेर पडेलच याची खात्री नाही. एका बैठकीत थोडेसेच फोडायचे, कारण उपकरण आत जास्त वेळ ठेवले तर मूत्राशयाला सोसणार नाही, असे सर्वांचे मत होते. त्यामुळे आठवड्याला एक अशा अनेक बैठका होत. मधल्या काळात धारदार कपचे मूत्राशयाला टोचत, मार्गात अडकत आणि ताप चढे.

फ्रान्सचा पदच्युत सम्राट तिसरा नेपोलियन याचीच गोष्ट पाहा. इंग्लंडमध्ये चिझलहर्स्ट येथे तो निर्वासिताचे जिणे जगत होता. लंडनचा नामवंत शल्यविशारद सर हेन्री टॉम्पसन याने २ आणि ६ जानेवारी १८७३ रोजी क्लोरोफॉर्म देऊन त्याचा खडा फोडला. तिसरी बैठक ९ तारखेला ठरली होती. त्याच दिवशी सम्राटाचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात दोन्ही मूत्रपिंडे फार खराब झालेली आढळली आणि खड्याचा मोठा भाग अजून मूत्राशयातच होता. याच टॉम्पसनने दहा वर्षांपूर्वी बेल्जियमच्या राजाला खड्यातून मुक्त केले होते. म्हणजे हात कुशल होता. अपुरी होती ती पद्धत.

यावर तोडगा निघाला अमेरिकेत, बोस्टनला. १८४६मध्ये ईथरची भूल प्रथम यशस्वी झाल्याचे वृत्त वैद्यकीय जगाला कळवणारा हेन्री जेकब बिगेलो हाच त्याचा कर्ता. न्यूयॉर्कच्या ओटिस या वैद्याने दाखवून दिले होते, की पुरुषाचा मूत्रमार्ग समजला जातो त्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो. बिगेलोने त्याचा उपयोग केला. १८७८मध्ये त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली. रोग्याला पूर्ण भूल द्यायची, जाड व मजबूत चिमट्याने एकाच बैठकीत सगळा खडा फोडायचा, मग रुंद नळी घालून तिला रबरी फुगा जोडायचा आणि पाणी आत-बाहेर खेळवत सगळा चुरा शोषून घ्यायचा. त्याचा युक्तिवाद साधा होता. मूत्राशयाला इजा होते ती उपकरण तासभर आत राहिल्याने नव्हे. मागे सोडलेल्या कपच्यांनी ती होते. अर्धशतक चाललेली सावध, थोडेथोडे फोडण्याची रीत त्यामुळे मोडीत निघाली. या पद्धतीला त्याने ‘लिथोलापॅक्सी’ हे नाव दिले. त्यातल्या ‘लापॅक्सी’चा अर्थच रिकामे करणे असा आहे.

इंदूरची मुले

बिगेलोच्या पद्धतीलाही एक कुंपण होते. ती प्रौढांसाठीच, असे युरोप-अमेरिकेत मानले जाई. लहान मुलाचा मूत्रमार्ग चिंचोळा आणि आतले अस्तर नाजूक. शिवाय मुले छेद घेऊन केलेली शस्त्रक्रिया मोठ्यांपेक्षा चांगली सोसत. मग जोखीम घ्यायची कशाला?

हे कुंपण मोडले ते इंदूरमध्ये. होळकरांची ही राजधानी मध्य भारतातल्या इंग्रज रेसिडेन्सीचेही ठाणे होती. तिथला रेसिडेन्सी सर्जन डेनिस फ्रान्सिस कीगन याच्यासमोर जे रोगी येत, त्यांत खडे झालेल्या लहान मुलग्यांचा भरणा मोठा होता. लंडनच्या शल्यविशारदाला असे मूल क्वचित दिसे. हिंदुस्थानात ती नित्याची बाब होती. कीगनने मुलांच्या मापाचे बारीक चिमटे आणि नळ्या वापरून बिगेलोची पद्धत त्यांच्यावर करायला सुरुवात केली आणि ती सुरक्षित असल्याचे दाखवून दिले. छेद घेताना सुरी प्रोस्टेट आणि वीर्यनलिका यांच्या अगदी जवळून जाते. ज्याला अजून सगळे आयुष्य काढायचे आहे, त्या मुलाच्या बाबतीत हा मुद्दा लहान नव्हता. कीगनने आपले अनुभव इंग्लंडच्या वैद्यकीय पत्रांतून मांडले आणि १८८७मध्ये लंडनला या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले.

उत्तर हिंदुस्थानात आयर्लंडचा पीटर फ्रेयर हेच काम मोठ्या प्रमाणावर करत होता. त्याने रामपूरच्या नवाबाचा खडा काढला. नवाबाने त्याबद्दल दिलेल्या भल्यामोठ्या रकमेवरून त्याचे आणि सरकारचे बिनसले. पुढे लंडनच्या सेंट पीटर्स रुग्णालयात प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी त्याची कीर्ती झाली. पण त्याचा हात बसला तो इथल्या इस्पितळांत.

वसाहतीच्या काळातले वैद्यक म्हटले की ज्ञान विलायतेहून इकडे आले असे चित्र डोळ्यांपुढे येते. मुलांच्या खड्याच्या बाबतीत प्रवाह उलटा होता. लंडनच्या पुस्तकांतला नियम इंदूरच्या इस्पितळाने बदलला. मात्र त्यात एक असमतोल होता आणि तो नोंदवायला हवा. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव पुस्तकावर आले. ज्या मुलांच्या शरीरावर हे ज्ञान उभे राहिले ती तक्त्यातल्या वय, खड्याचे वजन आणि निकाल या रकान्यांत राहिली. प्वासाँच्या समितीचा आक्षेप इथे वेगळ्या अर्थाने खरा ठरतो.

आंधळ्या हाताला डोळा

इथवरचे सगळे काम स्पर्शावर चालले होते. शरीराच्या आत उजेड नेण्याचा प्रयत्न मात्र सिव्हियालच्याही आधीचा आहे. फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनीने १८०६च्या सुमारास मेणबत्ती, आरसा आणि नळी यांचे उपकरण बनवले. व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्वानांनी ते फेटाळले, आणि १८०९मध्ये बोझिनी तापाच्या साथीत वारला. १८५३मध्ये पॅरिसच्या देझोर्मोने मद्यार्क आणि टर्पेंटाइनवर जळणारा दिवा वापरला. दोघांचीही अडचण तीच : दिवा बाहेर आणि पाहायचे आत.

जर्मनीच्या मॅक्सिमिलियन निट्झने हा क्रम उलटवला. त्याने दिवाच आत नेला. १८७७ ते १८७९ या काळात त्याने बनवलेल्या मूत्राशयदर्शकाच्या टोकाशी विजेने तापणारी प्लॅटिनमची तार होती, ती थंड ठेवायला पाणी खेळवलेले होते आणि नळीत भिंगे बसवलेली होती. एडिसनचा दिवा आल्यावर इवलासा बल्ब बसवता येऊ लागला आणि पाण्याची भानगड संपली. आपण ज्याला दुर्बीण म्हणतो ती ही. तिच्यामुळे खडा फोडल्यावर आत काही उरले का, हे डोळ्यांनी पाहता येऊ लागले. विसाव्या शतकात १९२६ नंतर याच वाटेने विजेच्या तारेने प्रोस्टेट खरवडून काढणे शक्य झाले.

पुढची मोठी झेप भौतिकशास्त्रज्ञांची होती. इंग्लंडच्या हॅरल्ड हॉपकिन्सने १९५९मध्ये नळीतल्या रचनेचा नवा विचार मांडला. हवेत बसवलेल्या बारीक भिंगांऐवजी काचेच्या लांब कांड्या वापरल्या तर प्रतिमा कितीतरी उजळ येते. त्याआधी, १९५४मध्ये, याच हॉपकिन्सने आणि त्याचा पंजाबी विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी याने काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते हे दाखवले होते. लवचिक दुर्बीण त्यातून आली. मूत्रवाहिनीसारख्या चिंचोळ्या, वळणाच्या नळीतून मूत्रपिंडापर्यंत जाण्याचा मार्ग तिने खुला केला.

मूत्रपिंडाकडे

मूत्राशयाला बाहेरून येणारी वाट आहे. मूत्रपिंड मात्र पाठीशी, बरगड्यांच्या आडोशाला. तिथला खडा काढायचा म्हणजे १९७०पर्यंत कुशीवर वीतभर छेद, मूत्रपिंड उघडणे आणि कित्येक आठवड्यांची विश्रांती. १९७६मध्ये स्वीडनच्या फर्नस्ट्रम आणि योहान्सन यांनी क्ष-किरणांच्या आधारे पाठीतून सुई घालून, तीच वाट बोटाएवढी रुंद करून खडे काढल्याचे प्रसिद्ध केले. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिस्तियान शौसी आणि सहकाऱ्यांनी एका रोग्याला पाण्याच्या टाकीत बसवले आणि शरीराबाहेरून आघात-तरंग सोडून मूत्रपिंडातला खडा फोडला. या यंत्रामागे विमाने बनवणारी डॉर्निये कंपनी होती. अतिवेगवान विमानांवर आदळणाऱ्या पावसाच्या थेंबांचा परिणाम अभ्यासताना तिथल्या संशोधकांचे लक्ष या तरंगांकडे गेले होते.

भारतात या विद्येचे मोठे केंद्र गुजरातमधल्या नडियादला १९७८मध्ये सुरू झालेल्या मूळजीभाई पटेल मूत्ररोग रुग्णालयात उभे राहिले. पाठीतली वाट आणखी बारीक करण्यात तिथल्या डॉ. महेश देसाई यांच्या गटाचा वाटा आहे. २०११मध्ये त्यांनी आणि जर्मन सहकाऱ्यांनी दीड मिलिमीटरहून किंचित जाड सुईतूनच पाहणे आणि लेसरने खडा फोडणे ही दोन्ही कामे होऊ शकतात, हे प्रसिद्ध केले.

इथेही सुश्रुताचा इशारा पाठ सोडत नाही. तरंगांनी खडा फुटतो, पण तुकडे रोग्यानेच बाहेर टाकायचे असतात. ते मूत्रवाहिनीत एकामागोमाग एक अडकून रांग लागू शकते. म्हणून बऱ्याचदा आत ‘डीजे स्टेंट’ ही दोन्ही टोकांना वळलेली बारीक नळी ठेवतात. ती काही आठवड्यांत काढायची असते. दुखणे थांबले, कामाला लागलो, गाव दूर आहे, पैसे नाहीत अशा कारणांनी ती काढायला न येणारे रोगी आपल्याकडे कमी नाहीत. आत विसरलेल्या नळीवर पुन्हा खडे साचतात आणि मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत वेळ येते. शरीरावर व्रण नसल्यामुळे आठवण करून देणारे काहीच उरत नाही. पूर्वी टाके काढायला तरी माणूस दवाखान्यात येत असे.

म्हणून ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ ही जाहिरात वाचताना काही प्रश्न विचारायला हवेत. खडा पूर्ण निघेल का? नसेल तर उरलेल्याचे काय? आत नळी ठेवणार का, आणि ती कोणत्या तारखेला काढायची? खडा कशाचा होता, हे तपासणार का?

शेवटचा प्रश्न आपल्याला इंदूरच्या मुलांकडे परत नेतो. लहान मुलांच्या मूत्राशयातले खडे युरोपात पूर्वी मुबलक होते. इंग्लंडमधले नॉरिचचे रुग्णालय त्यासाठी प्रसिद्ध होते. एकोणिसावे शतक संपता संपता आणि विसाव्याच्या आरंभी ते तिकडून हळूहळू नाहीसे झाले. आपल्याकडेही ते पूर्वीच्या मानाने पुष्कळच कमी झाले आहेत. हे घडले त्याचे श्रेय चिमट्याला किंवा दुर्बिणीला देता येत नाही. अंगावरचे दूध सुटल्यावर केवळ धान्याच्या पेजेवर वाढणारे, दूध आणि प्रथिने फारशी न मिळणारे, वरचेवर जुलाबाने शरीरातले पाणी गमावणारे मूल हे या खड्याचे मूळ होते. ताटात दूध-डाळ आली, पाणी स्वच्छ झाले आणि खडा होण्याचेच थांबले.

प्रौढांच्या मूत्रपिंडातल्या खड्यांचे कारण वेगळे आहे आणि ते घटलेलेही नाहीत. उन्हात राबणारा शेतमजूर, भट्टीजवळचा कामगार, दिवसभर गाडी चालवणारा ड्रायव्हर, कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच न पिणारी बाई यांची लघवी घट्ट होते आणि खड्याला जागा मिळते. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी प्यायला डॉक्टर सांगतात. तेवढे पाणी आणि ते प्यायल्यावर जायला जागा, ही व्यवस्था कोणत्याही शल्यविशारदाच्या हातात नाही. ती ग्रामपंचायतीच्या, नगरपालिकेच्या आणि कारखान्याच्या मालकाच्या हातात आहे.